हे मासिक कुणासाठी? जाहिराती आधी वाचा

लाइपझिगला आले त्या पहिल्या हिवाळ्यात जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, पाठ्यपुस्तक पुरे झालं, आता ज्या विषयाची आवड आहे त्यावरचं एखादं मासिक दर महिन्याला विकत घे आणि वाच. सल्ला चांगला होता. लहानपणी पुण्यात गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, पुढे ब्रिटनमध्ये पीएचडी करताना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची गोडी लागली, त्यामुळे आवड कुठली हे शोधत बसावं लागलं नाही. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. जर्मनीतल्या मोठ्या स्टेशनांवरची ही दुकानं तुम्ही पाहिली असतील. भिंतीच्या भिंती मासिकांनी भरलेल्या. मासेमारीची वेगळी, घोड्यांची वेगळी, खेळण्यातल्या आगगाड्यांची वेगळी. संगीताच्या फळीवरून मी शास्त्रीय संगीताचं एक मासिक उचललं. मुखपृष्ठावर एक पियानोवादक खिडकीबाहेर बघत होता.

लेख अर्धेमुर्धे कळले. जाहिराती मात्र पूर्ण कळल्या, कारण त्यांत चित्रं मोठी आणि वाक्यं छोटी होती. एका पानावर स्पीकरची जोडी, माझ्या खांद्याएवढी उंच, किंमत माझ्या खोलीच्या वर्षभराच्या भाड्याहून जास्त. दुसऱ्या पानावर डॅन्यूब नदीतून बोटीची सहल, रोज संध्याकाळी बोटीवरच मैफल. मग ॲम्प्लिफायर. मग एका किल्ल्यातला उन्हाळी महोत्सव, जवळच्या हॉटेलातल्या मुक्कामासकट. मी तेव्हा आणखी तिघींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होते. खोली बारा चौरस मीटरची, भिंत पातळ, आणि रात्री दहानंतर शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाता कामा नये हा इथला नियम. सगळं संगीत मी हेडफोन लावून ऐकायचे. त्या मासिकात हेडफोनची एकही जाहिरात नव्हती.

तीन अंक विकत घेतल्यावर लक्षात आलं की हे मासिक माझ्याशी बोलतच नाहीये. अपमान कुणी केला नव्हता. पण ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता त्याला स्वतःचं घर होतं, त्या घरात संगीत ऐकायची वेगळी खोली होती, आणि मुलं बहुतेक मोठी होऊन बाहेर पडलेली होती. लेखांमधून हे मला महिनोन्महिने कळलं नसतं, कारण लेख तर फक्त शूबर्टबद्दल होते.

पॉडकास्टमध्ये या विषयाला आम्हाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. प्रश्न साधा आहे: एखादं मासिक हातात आलं, तर ते कुणाला डोळ्यांसमोर ठेवून काढलंय हे कसं ओळखायचं? आणि आपण त्या चित्रात नसलो, तर त्यातून काय कळतं?

सुरुवात पैशापासून करू. मासिक दोनदा विकलं जातं. एकदा ते तुम्हाला विकतात. आणि एकदा तुम्हालाच विकतात, जाहिरातदाराला. हा दुसरा व्यवहार जर्मनीत अजिबात लपवून ठेवलेला नाही. जवळजवळ प्रत्येक मासिकाचा प्रकाशक जाहिरातदारांसाठी एक पत्रक काढतो, त्याला ‘मेडियाडाटेन’ म्हणतात. पूर्ण पानाचा भाव काय, मागच्या कव्हरचा काय, मजकूर कधीपर्यंत द्यायचा हे त्यात असतंच. शिवाय वाचकाचं वय, शिक्षण, उत्पन्न, तो वर्षाला किती मैफलींना जातो, हेही बऱ्याचदा असतं. तुमच्या आवडत्या मासिकाचं हे पत्रक शोधून एकदा वाचाच. संपादकीयात ज्या वाचकाला ‘प्रिय संगीतवेड्या’ म्हणतात, त्याचं तिथे स्थळाच्या माहितीसारखं वर्णन असतं.

प्रकाशक सांगेल तो खपाचा आकडा जाहिरातदारानं का मानावा? म्हणून १९४९ पासून जर्मनीत आयव्हीडब्ल्यू नावाची संस्था खप तपासते. तिच्या तक्त्यात वर्गणीदार वेगळे, दुकानातली विक्री वेगळी, विमानात ठेवलेले अंक वेगळे आणि ‘लेझेत्सिर्कल’ वेगळे मोजतात. हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो. डॉक्टरकडे किंवा केस कापायला गेलात की जाड वेष्टनातली मासिकं दिसतात ना, ती भाड्यानं आणलेली असतात. ताजा अंक हवा तर भाडं जास्त, काही आठवडे फिरून आलेला चालत असेल तर कमी. आणि त्या वेष्टनावरसुद्धा जाहिरात असते, गावातल्या चष्म्याच्या दुकानाची वगैरे. म्हणजे आत देशभरच्या वाचकाला हाक, बाहेर त्या गल्लीतल्या वाचकाला.

जाहिरातीचा भाव दर हजार वाचकांमागे मोजतात. इथे एक गंमत होते. खप जितका मोठा तितकं मासिक श्रीमंत, असं आपल्याला वाटतं. पण जो बासूनची पत्ती विकतो (बासून म्हणजे ते उंच लाकडी सुषिर वाद्य, त्याची बोरूची पत्ती झिजते आणि सतत बदलावी लागते), त्याला लाखभर वाचकांचा काही उपयोग नाही. त्याला दोनेक हजार बासूनवादक पुरेत, फक्त ते खरोखर बासूनवादक असले पाहिजेत. म्हणून लहान मासिकाला दर हजारी भाव जास्त मागता येतो. आपला वाचक कोण आहे हे जितकं नेमकं सांगता येईल, तितका तो महाग विकता येतो.

आता प्रत्यक्ष उदाहरणं बघू. डॉर्टमुंडहून १९८३ पासून ‘रॉक हार्ड’ नावाचं हेवी मेटलचं मासिक निघतं. १९८४ पासून ‘मेटल हॅमर’ आहे. नव्वदच्या दशकातले या मासिकांचे अंक चाळले तर टपालानं माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती ठळकपणे दिसतात: लिंगेन गावातली ईएमपी, डोन्त्सडोर्फ गावातली न्यूक्लिअर ब्लास्ट. टीशर्ट, कॅसेट, सीडी, बिल्ले, सगळं बारीक अक्षरात, दाटीवाटीनं. यावरून वाचकाबद्दल काय कळतं? ‘त्याला मेटल आवडतं’ हे कळायला जाहिरात बघायची गरज नाही. कळतं ते हे, की तो मोठ्या शहरात राहत नसावा. बर्लिनमध्ये किंवा हॅम्बुर्गमध्ये राहणारा शनिवारी दुकानात जाऊन टीशर्ट घेईल. टपालाची वाट बघेल तो ज्याच्या गावात तसलं दुकानच नाही. आणि बघा, या कंपन्याही लहान गावांतल्याच आहेत. १९९० मध्ये सुरू झालेला वाकनचा महोत्सवसुद्धा श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या एका खेड्यात भरतो, शेतात, चिखलात, तंबू ठोकून. आपल्या डोक्यात मेटल म्हणजे महानगरी तरुणाचा राग असं काहीतरी चित्र असतं. जाहिरातींतून दिसणारा वाचक मात्र खेड्यातला, बसच्या शेवटच्या थांब्यावर राहणारा आहे.

याच्या शेजारी ‘रोलिंग स्टोन’ची जर्मन आवृत्ती ठेवा. ती १९९४ पासून निघते. मुखपृष्ठावर वारंवार तीच मंडळी, जी मुखपृष्ठ वाचणाऱ्याच्या तरुणपणी गाजलेली होती. पण वाचकाचं वय मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते त्यांच्या स्वतःच्या महोत्सवात. २००९ मध्ये या मासिकानं बाल्टिक समुद्राकाठी वाइसेनहॉइझर श्ट्रांड इथे नोव्हेंबरात महोत्सव सुरू केला. तो भरायचा सुट्टीसाठी बांधलेल्या एका संकुलात. पाहुणे तंबूत नाही, फ्लॅटमध्ये राहायचे: पलंग, गरम पाणी, छोटं स्वयंपाकघर. म्हणजे बंडखोर संगीत ऐकायचं आहे, पण पाठ दुखता कामा नये. यात हसण्यासारखं काही नाही म्हणा. माझं वय आता छत्तीस आहे आणि मला तंबूपेक्षा तो पलंग बराच जवळचा वाटतो.

तिसरं उदाहरण अगदी वेगळं. माइन्त्सचं शॉट हे संगीत-प्रकाशनाचं जुनं घराणं. त्यांच्याकडून ‘दास ऑर्केस्टर’ हे वाद्यवृंदातल्या व्यावसायिक वादकांचं मासिक निघतं. या मासिकाची ओळख बरीचशी त्यातल्या नोकरीच्या जाहिरातींनी घडवली आहे: अमुक शहरातल्या वाद्यवृंदाला दुसरा हॉर्नवादक हवा, परीक्षेचं वादन अमुक तारखेला. इथे जाहिरात आणि मजकूर हा भेदच पुसट होतो. वादक अंक उघडतो तेव्हा आधी नोकऱ्या बघणार, मग लेख. रिकाम्या जागांच्या त्या पानांवरून संपादकीयापेक्षा जास्त कळतं: कुठल्या वाद्याला मागणी आहे, कुठल्या शहराकडे पैसे आहेत.

जाहिरातींचं एवढं झालं, पण मजकूरही बोलतो. फक्त विषय बघून चालत नाही, तो काय समजावून सांगतो आणि काय गृहीत धरतो ते बघावं लागतं. ‘ब्राव्हो’चं उदाहरण घेऊ, कारण जर्मनीत वाढलेल्या चाळिशीतल्या कुणालाही हे नाव घेतलं की तो गालात हसतो. २६ ऑगस्ट १९५६ ला पहिला अंक निघाला, किंमत ५० फेनिग, मुखपृष्ठावर मॅरिलिन मन्रो. तेव्हा ते सिनेमा आणि टेलिव्हिजनचं साप्ताहिक होतं. किशोरांचं संगीताचं साप्ताहिक ते हळूहळू झालं आणि पुढे त्याचा खप दहा लाखांच्याही वर गेला. १९६६ च्या जूनमध्ये बीटल्स जर्मनीत आले, म्युनिक, एसेन आणि हॅम्बुर्ग असा तीन दिवसांचा दौरा झाला, तोच मुळी ब्राव्होच्या नावानं. बातमी छापणारा आणि बातमी घडवणारा एकच.

ब्राव्होनं १९५९ पासून एक युक्ती काढली, ‘स्टारश्निट’. ताऱ्याचं पूर्ण उंचीचं चित्र, पण तुकड्यातुकड्यांनी, दर आठवड्याच्या अंकात एक तुकडा. पहिली होती ब्रिजिट बार्दो. एखादा आठवडा चुकला तर बार्दोचा गुडघा गायब. आता यात वाचकाबद्दल किती गोष्टी धरून चालल्या आहेत ते बघा. त्याच्याकडे दर आठवड्याला खर्चायला थोडे पैसे आहेत, म्हणजे घरात पॉकेटमनी मिळतो. आणि त्याच्याकडे एक भिंत आहे, जिच्यावर काय चिकटवायचं हे आईवडील नाही, तो ठरवतो. युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती, शहरं अजून बांधून होत होती. स्वतःची भिंत असलेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल हा एक नवा ग्राहक होता आणि ब्राव्होनं तो ओळखला.

ब्राव्हो इंग्रजी गाण्यांचे शब्द जर्मन भाषांतरासकट छापायचं. म्हणजे वाचक गाणं पाठ म्हणतो पण त्याचा अर्थ त्याला लागतोच असं नाही. याउलट १९८० साली कोलोनमध्ये सुरू झालेलं ‘श्पेक्स’ घ्या. ते पॉप संगीतावर तत्त्वज्ञानाच्या भाषेत लिहायचं आणि कुठलाच संदर्भ उलगडून सांगायचं नाही. कळलं तर तुम्ही आमचे. विद्यापीठात पाय ठेवलेला, किंवा ठेवायची इच्छा असलेला वाचक त्यांना हवा होता. न समजावणं हीसुद्धा वाचक निवडायची एक पद्धत आहे. आपल्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ आहे, १९४७ पासूनचं. स्वरलिपी कशी वाचायची हे त्यानं दर अंकात का सांगावं? परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं मासिक, वाचक आधीच ठरलेला: शिकणारा आणि शिकवणारा.

आणखी एक खूण, जी मराठी माणसाला चटकन कळते. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. ब्राव्हो वाचकाला डू म्हणतं. १९६९ पासून त्यात ‘डॉक्टर झोमर’ नावानं वयात येणाऱ्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर होतं, सुरुवातीची बरीच वर्षं ते खऱ्या डॉक्टरनं, मार्टिन गोल्डश्टाइन यांनी चालवलं. १९७२ मध्ये त्यातल्या मजकुरामुळे सरकारी मंडळानं दोन अंक किशोरांना विकायला मनाई केली. हे सगळं ‘तुम्ही’ म्हणून बोलताच आलं नसतं. मी घेतलेलं ते स्पीकरवालं मासिक मला ‘झी’ म्हणायचं, अगदी अदबीनं. अदब होती, पण ती माझ्यासाठी नव्हती.

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात एक शंका आली असेल. जाहिरात आणि मजकूर एवढे जुळत असतील, तर मजकूरच विकत घेतलेला आहे की काय? यासाठी मला माझ्या सध्याच्या गावात, सव्वादोनशे वर्षं मागे जावं लागेल. ३ ऑक्टोबर १७९८ ला लाइपझिगमध्ये ‘अल्गेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग’ या संगीतपत्राचा पहिला अंक निघाला. संपादक फ्रीडरिख रोखलित्स. प्रकाशक ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल, म्हणजे जे स्वतः संगीताच्या छापील प्रती विकत होते. पत्राला एक पुरवणी असायची, ‘इंटेलिगेन्त्सब्लाट’. नावानं फसू नका, बुद्धीशी संबंध नाही. तेव्हाच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ सूचनापत्र. त्यात नव्या छापील संगीताच्या जाहिराती असत. म्हणजे वाचकाच्या घरी वाद्य आहे, त्याला नोटेशन वाचता येतं आणि संध्याकाळी काय वाजवायचं हा त्याचा प्रश्न आहे.

१७९९ मध्ये या पत्रानं तरुण बीथोवनच्या व्हायोलिन सोनाटांवर फार कडक लिहिलं. बीथोवन चिडला. १८०१ च्या एप्रिलमध्ये त्यानं प्रकाशकालाच पत्र लिहून सुनावलं की तुमच्या समीक्षकांना जरा जपून लिहायला सांगा, विशेषतः नव्या लोकांबद्दल. प्रकाशकाला तर बीथोवनच्या रचना छापायला हव्या होत्या. पुढे पत्राचा सूर निवळला, आणि त्याच्या रचनाही या घराण्याकडून निघू लागल्या. झालं, पुरावा मिळाला, असं वाटतं ना? पण पुढे ऐका. १८०९ मध्ये बीथोवनची पाचवी सिंफनी ब्राइटकोप्फनीच छापली आणि १८१० मध्ये त्यांच्याच पत्रात इ. टी. ए. हॉफमननं तिच्यावर दीर्घ लेख लिहिला. तो लेख आजही संगीतसमीक्षेच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. प्रकाशकाच्या मालाची प्रकाशकाच्याच पत्रात स्तुती, आणि तरी ती खरी, स्वतंत्र बुद्धीची. तेव्हा हितसंबंध दिसला म्हणजे मत खोटं असा हिशेब मांडू नका. संशय घ्या, पण मग लेख वाचा.

शूमानला मात्र हे घराणं आणि ती गोडगोड समीक्षा खटकत होती. तो स्वतः पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, धंदा कसा चालतो ते त्याला ठाऊक होतं. ३ एप्रिल १८३४ ला त्यानं मित्रांबरोबर लाइपझिगमध्येच वेगळं संगीतपत्र काढलं, तेच पुढे ‘नॉये त्साइटश्रिफ्ट फ्युअर मुझिक’ म्हणून गाजलं. शेवटी गेलं कुणाच्या हाती? शॉटच्या, म्हणजे पुन्हा एका संगीत-प्रकाशकाच्या.

संशोधक म्हणून मी इथे एक सावधगिरी सांगेन. मुखपृष्ठावर एक गायिका आहे आणि सातव्या पानावर तिच्याच अल्बमची पानभर जाहिरात आहे. कंपनीनं मुखपृष्ठ विकत घेतलं असं लगेच म्हणता येत नाही. कंपनी आणि संपादक दोघंही एकाच वाचकाच्या मागे असतील, आणि अल्बम त्याच महिन्यात आलाय म्हणून दोघं एकाच पानांवर भेटले असतील. पाऊस पडला की छत्र्याही दिसतात आणि बेडूकही; छत्र्यांनी बेडूक आणले असं आपण म्हणत नाही. फरक ओळखायचा तर एका अंकावरून निकाल देऊ नका. वर्षभराचे अंक घ्या. जे कधीच जाहिरात देत नाहीत अशा छोट्या कंपन्यांच्या संगीतावर किती लिहिलंय? जाहिरातदाराच्या अल्बमवर कधी टीका झालीय का? पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘आनत्साइगं’, म्हणजे जाहिरात, असं लिहिणं जर्मनीत कायद्यानं बंधनकारक आहे. तो शब्द पानाच्या कोपऱ्यात किती बारीक छापलाय तेही बघा.

आणि काही जाहिराती वाचकासाठी नसतातच. आपले दिवाळी अंक आठवा, १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं सुरू केलेली परंपरा. त्यात साखर कारखान्याची पानभर शुभेच्छा असते. वाचक काय कारखाना विकत घेणार आहे? ती जाहिरात संपादकाच्या ओळखीपाळखीची खूण. तेव्हा अंक चाळताना अशी पानं बाजूला काढायची आणि उरलेल्या पानांवर वाचक शोधायचा.

डोळ्यांसमोर ठेवलेला वाचक आणि प्रत्यक्ष वाचणारा माणूस यांच्यातली फट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली, ती आमच्या विभागातल्या सेक्रेटरी बाईंच्या एका गोष्टीतून. त्या लाइपझिगमध्येच वाढल्या, ऐंशीच्या दशकात, म्हणजे पूर्व जर्मनीत. तिथे ब्राव्होला बंदी. पण पेन्शनरांना पश्चिमेत नातेवाइकांकडे जाता यायचं, आणि त्यांची आजी परत येताना कपड्यांच्या घडीत एक अंक लपवून आणायची. शाळेत तो अंक सुटा करून पानापानानं फिरायचा. मी विचारलं, पोस्टरसाठी भांडणं व्हायची का? त्या म्हणाल्या, पोस्टर मोठ्या मुली घ्यायच्या. मला शांपूच्या जाहिरातीचं पान मिळालं, ते मी दोन वर्षं भिंतीला लावलं होतं. ज्यांनी ती जाहिरात दिली, त्यांच्या हिशेबात ही मुलगी कुठेच नव्हती. तिला तो शांपू विकत घेता येणार नव्हता. तिच्यासाठी ते पान म्हणजे चित्र होतं.

मला हे ऐकताना पुण्यातला रद्दीवाला आठवला. दादा त्याच्याकडून परदेशी संगीताची मासिकं आणायचा, सहा महिने ते दोन वर्षं जुनी. आत वर्गणीचं कार्ड असायचं, पोस्टाचं तिकीट न लावता टाकायचं, फक्त अमेरिकेत चालणारं. मी ती कार्डं वहीत खुणेसाठी ठेवायचे. तुमच्यापैकी किती जणांनी दुसऱ्याच कुणासाठी छापलेल्या गोष्टी वाचत वाचत स्वतःची आवड घडवली असेल.

२०१८ हे साल जर्मन संगीतमासिकांना फार वाईट गेलं. ‘इंट्रो’ फुकट वाटलं जायचं, कॅफेत, क्लबांत, रेकॉर्डच्या दुकानांत. सगळा भार जाहिरातींवर. ते बंद झालं. श्पेक्सचा शेवटचा अंक निघाला, इलेक्ट्रॉनिक संगीताचं ‘ग्रूव्ह’ छापायचं थांबलं. जाहिरातीचा पैसा फोनकडे गेला. आता जाहिरात मासिकाच्या वाचकवर्गाला नाही, थेट तुम्हाला शोधते. पण त्यामुळे हा लेखभर मी जो खेळ खेळतेय तो खेळता येत नाही. छापील अंकात सगळ्यांना एकच पान दिसायचं. मला दिसत होतं की हे मासिक साठीतल्या घरमालकांचं आहे. फोनवर माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीला काय दिसतंय ते मला माहीत नाही, आणि आम्हा दोघींना काय दाखवत नाहीयेत ते तर कुणालाच दिसत नाही.

हे सगळं शिकून मी शहाणी झाले असं म्हणायचा मोह होतो. पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या एका मराठी मंडळाची दिवाळीची स्मरणिका निघायची होती आणि जाहिराती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. भारतीय किराण्याचं दुकान चालवणारे एक काका आहेत, मूळचे सोलापूरचे. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “काय गं, किती घरं येतात तुमच्या दिवाळीला?”

“साठेक येतात, काका.”

“म्हणजे दोनशे माणसं धरू?”

“धरा की.”

त्यांनी अर्धं पान घेतलं. दहा किलोचा तांदूळ, पाच किलोची तूरडाळ, पूजेचं साहित्य. बाकीच्या जाहिरातीही तशाच: पुण्याबाहेरचे फ्लॅट, गृहकर्जाचा सल्लागार, भारतात पैसे पाठवायची सोय, साड्या. मजकुरात मुलांनी काढलेले आकाशकंदील, मराठी शाळेचा अहवाल, चकलीची कृती, करपत्रक भरताना मुलांमुळे मिळणाऱ्या सवलतींवर एक लेख. छान झाली होती स्मरणिका. कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या मागच्या बाजूला भिंतीला टेकून बरीच मुलंमुली उभी होती. लाइपझिगची, केम्निट्सची, ड्रेस्डेनची, सगळी शिकायला आलेली. सवलतीचं तिकीट काढून आलेली, गाण्यांना सगळ्यात जास्त आवाज त्यांचा. केम्निट्सहून आलेला एक मुलगा स्मरणिका चाळून माझ्या हातात परत देत म्हणाला, “ताई, ही तुम्हीच ठेवा. आम्ही कुठे नेऊ?”

काकांनी विचारलं होतं घरं किती, आणि मी घरंच मोजली होती. ही मुलं माझ्या हिशेबात आलीच नव्हती, आणि मी तर बारा चौरस मीटरच्या खोलीतून इथवर आलेली.

गेल्या वर्षी मी काकांकडे दोन आकडे घेऊन गेले. घरं साठ, आणि तिकिटांच्या यादीवरून मोजलेले विद्यार्थी पंच्याण्णव. काका म्हणाले, “अगं, पण दहा किलोचं पोतं ही पोरं ट्राममधून कसं नेणार?” बराच वेळ विचार करून त्यांनी जाहिरात बदलली. अर्धा किलोचे पोहे, छोटी लोणची, तयार मसाले, दुकान रात्री आठपर्यंत उघडं, विद्यार्थ्यांना दहा टक्के सूट. मजकुरात दोन विद्यार्थिनींनी खोली शोधताना कशी फसवणूक होते यावर लिहिलं, आणि एकानं इथल्या कुठल्या हॉलमध्ये शेवटच्या क्षणी स्वस्त तिकीट मिळतं त्याची यादी दिली. यादी मीही कापून ठेवली आहे.

परवा दुकानात गेले तर काका वैतागले होते. “तुझी ती पोरं येतात बरं का,” म्हणाले, “पण चार युरोचे पोहे घेतात आणि कार्ड पुढे करतात.”